उभ्या गाडीत करंट कोण खातं?

आठवडाभर गावी जाऊन यावं, चावी फिरवावी आणि इंजिन लागण्याऐवजी बॉनेटखालून नुसती कट-कट ऐकू यावी. अशा वेळी पहिला फोन बॅटरीवाल्याला जातो. तो येतो, जवळच्या बॅटरीवरून गाडी चालू करून देतो, ‘तीन वर्षं झाली ना, मग संपली’ असं सांगतो आणि संध्याकाळपर्यंत नवी बॅटरी बसते. पुष्कळदा त्याचं बरोबरही असतं. पण नवी बॅटरीसुद्धा पंधरा दिवसांत तशीच बसली, तर पैसे गेले आणि दुखणं जागेवरच राहिलं. गाडी बंद असताना एखादी वस्तू करंट खात असेल, तर बॅटरी जुनी की नवी याने काही फरक पडत नाही. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं, की मोजल्याशिवाय काहीही बदलू नये. मोजायला मोठं वर्कशॉप लागत नाही. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काहीशे रुपयांत मिळणारा मल्टीमीटर, दहा नंबरचा पाना आणि एक मोकळी दुपार पुरते. यातली दुपार सगळ्यात महत्त्वाची आहे. का, ते पुढे येईल.

आधी हिशेब. बंद केलेली गाडी पूर्णपणे बंद कधीच नसते. घड्याळ, रेडिओची मेमरी, सेंट्रल लॉकिंगचा रिसीव्हर, चोरीचा अलार्म, इंजिनाचा संगणक, सगळ्यांना थोडा थोडा प्रवाह लागतोच. धडधाकट गाडीत तो सगळा मिळून साधारण 20 ते 50 मिलीअँपिअर भरतो. आपल्याकडच्या लहान पेट्रोल गाडीत बहुधा 35 अँपिअर-तासांची बॅटरी असते. 50 मिलीअँपिअरने दिवसाला 1.2 अँपिअर-तास जातात, म्हणजे पंधरवड्यात बॅटरी निम्मी होते. नवी बॅटरी निम्म्यावरही सेल्फ फिरवते. तीन-चार वर्षांच्या बॅटरीत मुळात 35 उरलेले नसतात, त्यामुळे तिची खात्री देता येत नाही. 25 मार्च 2020 ला टाळेबंदी लागली आणि महिन्याभराने सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये कितीतरी गाड्या मुक्या झाल्या, त्यातल्या बहुतेक गाड्यांमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. तो साधा गुणाकार होता.

आता याच गुणाकारात डिकीतला 5 वॅटचा एक दिवा घाला. झाकण लावल्यावरही तो पेटलेला राहिला, तर सुमारे 0.4 अँपिअर घेतो. दिवसाला 10 अँपिअर-तास. शनिवारी दुपारी उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना सुरू होईलच याची खात्री नाही. पार्किंगमध्येही रेकॉर्डिंग करणारा डॅशकॅम 250 मिलीअँपिअर घेत असेल, तर तीन दिवसांत निम्मी बॅटरी त्याची. गाडी किती दिवसांत बसते, यावरूनच चोर केवढा आहे याचा अंदाज येतो. एका रात्रीत बसली तर एखादा अँपिअर किंवा त्याहून जास्त जातो आहे, तीन-चार दिवसांत बसली तर दोन-तीनशे मिलीअँपिअर, आणि तीन आठवड्यांनी बसली तर बहुधा चोरच नाही.

अर्थात बॅटरी उतरण्याचं खापर लगेच चोरावर फोडता येत नाही. बॅटरीच मरायला आलेली असू शकते, किंवा इंजिन चालू असताना ती नीट भरतच नसेल. हे तिन्ही वेगळे करायला फक्त व्होल्ट पाहिले तरी चालतात. गाडी पाच-सहा तास उभी राहिल्यावर भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे निम्मी, 12 म्हणजे पावभर. हे आकडे फसवे जवळ आहेत. लोक 12 व्होल्ट पाहून ‘बारा व्होल्टची बॅटरी, बारा व्होल्ट आहेत, ठीक आहे’ म्हणून मोकळे होतात, आणि ती प्रत्यक्षात जवळजवळ रिकामी असते. बॅटरीत सहा खाने असतात, प्रत्येकाचे दोन व्होल्टांहून थोडे जास्त, आकडा 10.5 च्या आसपास अडकला असेल तर एक खाना आतून शॉर्ट झालेला असण्याची शक्यता मोठी. इंजिन चालू करून पाहिलं की आकडा 13.8 ते 14.5 च्या दरम्यान जायला हवा. तो 12 च्या घरातच रेंगाळत असेल तर ऑल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा तारा तपासायच्या. काही नव्या गाड्या इंधन वाचवण्यासाठी मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतात, म्हणून एकच आकडा पाहून निकाल देऊ नये.

यानंतरची परीक्षा मला सगळ्यात आवडते, कारण तिला हुशारी लागत नाही. बॅटरी पूर्ण भरून घ्यायची, रात्री निगेटिव्हची तार सोडवून बाजूला ठेवायची आणि सकाळी व्होल्ट पाहायचे. दुसऱ्या रात्री तार जोडलेली ठेवून तेच करायचं. तार सोडलेली असतानाही आकडा घसरला तर दोष बॅटरीचा. जोडलेल्या रात्रीच घसरला तर गाडीत कोणीतरी खातं आहे. एवढं कळलं तरी अर्धं काम झालं, आणि नवी बॅटरी घ्यायची की नाही हा प्रश्न पुराव्यावर सुटला.

तार सोडताना नेहमी निगेटिव्ह आधी. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते, त्यामुळे पॉझिटिव्हचा नट सैल करताना पान्याचं दुसरं टोक पत्र्याला टेकलं तर बॅटरी पान्यातून थेट शॉर्ट होते. बोटातली अंगठी, हातातलं कडं काढून ठेवावं. चार्जिंग होत असताना बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून नुकत्याच चार्ज केलेल्या बॅटरीजवळ ठिणगी पडेल असं काही करू नये. तार काढल्यावर घड्याळ पुन्हा लावावं लागतं, काही गाड्यांत रेडिओचा कोड मागितला जातो आणि खिडक्यांच्या काचा एका बोटात वर जाणं बंद होतं; पुस्तिकेत ते परत बसवण्याची रीत दिलेली असते.

आता खरं मोजमाप. मल्टीमीटर अँपिअरवर लावायचा आणि लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात घालायची. निगेटिव्हची तार आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्या मध्ये मीटर बसवायचा, म्हणजे गाडीत जाणारा सगळा प्रवाह मीटरमधून जाईल. या अवस्थेत चावी चुकूनही फिरवायची नाही. सेल्फ शंभर-दोनशे अँपिअर ओढतो. मीटरचा फ्यूज उडेल, आणि स्वस्तातल्या कित्येक मीटरांत त्या भोकाला फ्यूजच नसतो. काम झाल्यावर लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत घालावी. ती अँपिअरच्या भोकात राहिली आणि त्याच मीटरने कोणी बॅटरीचे व्होल्ट पाहायला गेलं, तर थेट शॉर्ट होतो आणि हात भाजतात. ज्यांच्याकडे डीसी मोजणारा क्लँप मीटर आहे त्यांना तार सोडावीच लागत नाही. पण दुकानात मिळणारे स्वस्त क्लँप बहुधा फक्त एसी मोजतात, आणि जे डीसी मोजतात त्यांतही वीस-तीस मिलीअँपिअर विश्वासाने दाखवणारे महाग असतात.

मीटर जोडला की पहिला आकडा पाहून माणूस हादरतो. दोन अँपिअर, कधी चार. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. जुन्या अँबॅसेडरमध्ये चावी काढली की घड्याळ सोडून काही उरत नसे, त्यामुळे मीटर जोडताक्षणी दिसेल तोच आकडा खरा. आजच्या गाडीत डझनावारी छोटे संगणक असतात आणि ते एका सामाईक तारेवरून एकमेकांशी बोलत असतात. बॉश कंपनीने 1986 मध्ये जाहीर केलेली कॅन नावाची ही पद्धत आता जवळजवळ प्रत्येक गाडीत आहे. तार पुन्हा जोडली की हे सगळे जागे होतात, एकमेकांची विचारपूस करतात, आणि गाडीत कोणी नाही अशी खात्री झाल्यावर एकेक करून झोपी जातात. त्याला कधी दहा मिनिटं लागतात, कधी वीस, काही गाड्यांत जवळजवळ तास. मीटरवर ते पायऱ्या-पायऱ्यांनी दिसतं: अडीच अँपिअर, मग दीड, मग अर्धा, आणि शेवटी एकदम 0.03. मोकळी दुपार लागते ती यासाठी. पहिल्या पाच मिनिटांत अर्धा अँपिअर पाहून ‘वायरिंगमध्ये लीकेज आहे’ असं जाहीर करणाऱ्या आणि हार्नेसची टेप फाडायला घेणाऱ्या माणसाला गाडीपासून दूर ठेवावं. त्या फाडलेल्या टेपमुळे जे नवे दोष तयार होतात, ते शोधायला मग खरोखर वर्कशॉप लागतं.

गाडी झोपावी म्हणून तिची थोडी फसवणूकही करावी लागते. आत जाऊन फ्यूज पाहायचे तर दार उघडं हवं, आणि दार उघडं असेल तर गाडी झोपणार नाही. म्हणून दाराच्या कुलपातली जीभ स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करायची, म्हणजे उघडं दार गाडीला लागलेलं वाटतं. बॉनेटला स्विच असेल तर तोही दाबून ठेवायचा. काम संपल्यावर दार आपटण्याआधी हँडल ओढून जीभ सोडवायला विसरू नये. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीची चावी खिशात ठेवून मोजायला बसलं तर तासभर वाट पाहूनही आकडा उतरत नाही, कारण गाडीला चावी जवळ असल्याचं कळत राहतं. चावी घरात, लांब ठेवावी. घर आणि पार्किंग यांच्यामध्ये एकच भिंत असेल आणि चावी त्याच भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली असेल, तर काही गाड्यांत बॅटरी उतरण्याचं कारण तेच निघतं.

तासाभराने आकडा 50 मिलीअँपिअरच्या खाली आला तर शोध संपला. नाही आला, तर खाणारा कुठल्या वाटेवर आहे ते पाहायचं. सोसायटीत पाण्याचं बिल अचानक वाढलं की एकजण मुख्य मीटरसमोर उभा राहतो आणि दुसरा एकेका विंगचा व्हॉल्व्ह बंद करत जातो. काटा ज्या व्हॉल्व्हला थांबतो तिथे गळती. गाडीत व्हॉल्व्हच्या जागी फ्यूज असतात. एक पेटी स्टिअरिंगच्या खाली, दुसरी बॉनेटमध्ये बॅटरीच्या शेजारी, आणि कुठला फ्यूज कशाचा ते झाकणावर किंवा पुस्तिकेत छापलेलं असतं. एकेक फ्यूज काढायचा, मीटर पाहायचा.

ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे आणि जुन्या गाडीत आजही ती उत्तम आहे. नव्या गाडीत तिची एक अडचण होते. फ्यूज काढून परत बसवला की त्या वाटेवरचा संगणक जागा होतो, तो इतरांना उठवतो आणि पुन्हा अर्धा तास थांबावं लागतं. कधी उलटंही घडतं: झोप न लागणारा एखादा संगणक फ्यूज काढल्याने नव्याने सुरू होतो, मग व्यवस्थित झोपतो, आणि चोर हातातोंडाशी येऊन निसटतो.

म्हणून फ्यूज जागेवरच ठेवून मोजण्याची युक्ती शिकून घ्यावी. रंगीत प्लास्टिकच्या चपट्या फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक उघडे ठिपके असतात. फ्यूजला स्वतःचा अगदी किंचित रोध असतो, त्यामुळे त्यातून प्रवाह जात असेल तर त्या दोन ठिपक्यांमध्ये थोडेसे मिलीव्होल्ट दिसतात. मीटर मिलीव्होल्टवर लावून दोन्ही टोकं ठिपक्यांवर टेकवायची. 0.0 आलं तर तिथून काही जात नाही. 10 अँपिअरच्या नेहमीच्या फ्यूजवर 1 मिलीव्होल्ट दिसला, तर साधारण शंभर ते दीडशे मिलीअँपिअर जात आहेत असं समजावं. मोठ्या अँपिअरच्या फ्यूजचा रोध कमी, त्यामुळे तेवढ्याच प्रवाहाला आकडा लहान दिसतो. दोन्ही पेट्या अशा दहा मिनिटांत पाहून होतात आणि गाडीची झोप मोडत नाही. ज्यांनी एकदा हे केलं ते पुन्हा फ्यूज उपटत बसत नाहीत.

वाट सापडली तरी तिच्यावर एकच घर नसतं. छतावरचा दिवा, रेडिओची मेमरी आणि डिकीचा दिवा पुष्कळदा एकाच फ्यूजवर असतात. मग त्या फ्यूजवरची एकेक वस्तू प्लगमधून सोडवत जायचं. डिकीच्या दिव्यासाठी मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो आत ठेवावा आणि झाकण लावावं. अंधार दिसला तर दिवा निर्दोष. दार नीट लागलेलं असूनही कुलपातला छोटा स्विच खराब झाल्यामुळे गाडीला ते उघडं वाटतं, हाही नेहमीचा दोष. कोकणातल्या दोन-तीन पावसाळ्यांनंतर तो विशेष दिसतो, आणि दारातल्या रबरी नळीतून पाणी उतरून आतल्या प्लगवर हिरवी पुटं चढलेली सापडतात. उंदराने कुरतडलेली तार हे तर सगळ्याच शहरांतलं दुखणं आहे. चिकटून बसलेला रिले हाताला लागतो: रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत एखादा रिले कोमट लागला, तर त्याची कॉइल चालू आहे, आणि ती एकटीच दीडशे मिलीअँपिअरच्या आसपास घेते.

पण माझा पहिला संशय नेहमी बाहेरून बसवलेल्या वस्तूंवर असतो, आणि फ्यूजच्या पेटीला हात लावण्याआधी त्या सोडवून पाहाव्यात असं मी सांगेन. ॲक्सेसरीच्या दुकानात बसवलेल्या म्युझिक सिस्टिमला दोन पॉझिटिव्ह तारा असतात. पिवळी कायम चालू, फक्त मेमरीसाठी; लाल चावीबरोबर चालू-बंद होणारी. बसवणाऱ्याने घाईत दोन्ही एकत्र पिळल्या, की सिस्टिम पडदा काळा करूनही रात्रभर जागी राहते. ॲम्प्लिफायरचंही तेच. गाडीच्या निदानाच्या प्लगमध्ये, स्टिअरिंगच्या खाली, खोचलेला छोटा ट्रॅकर स्वतः फार थोडं घेतो, पण तो मधूनमधून प्रश्न विचारत राहिला तर सगळ्या संगणकांना झोपू देत नाही. त्या प्लगच्या सोळाव्या पिनेवर बॅटरी कायम असते, चावी काढली तरी. डॅशकॅम जोडताना व्होल्ट अमुकच्या खाली गेले की आपोआप बंद होण्याची सोय असलेला संच घ्यावा आणि मर्यादा 12.2 च्या खाली ठेवू नये; काही संच 11.6 वर ठेवलेले असतात आणि तोवर बॅटरीत काही उरलेलं नसतं.

सगळे फ्यूज शून्य दाखवतात आणि तरीही मुख्य आकडा मोठा आहे, अशी वेळ आली तर संशय बॅटरीला थेट जोडलेल्या जाड तारांवर. ऑल्टरनेटरची जाड तार कायम बॅटरीला लागलेली असते. आत डायोड असतात, ते प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतात. एखादा डायोड गळका झाला की बॅटरीचा प्रवाह उलटा ऑल्टरनेटरच्या गुंडाळीतून वाहू लागतो. सकाळी थंड गाडीत ऑल्टरनेटरला हात लावून पाहावा. तो कोमट लागला तर चोर सापडला. खात्री करायला निगेटिव्ह सोडून ती जाड तार काढावी, टोकाला टेप गुंडाळावी आणि पुन्हा मोजावं. बॅटरीच्या डोक्यावरची ओलसर धूळही प्रवाह वाहून नेते. मीटरचं एक टोक टर्मिनलवर आणि दुसरं नुसतं प्लास्टिकवर टेकवून व्होल्ट दिसले, तर बॅटरी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून काढावी, झाकणातून आत थेंब जाऊ न देता.

हे सगळं लवकर करण्याचं कारण बॅटरीच्या पोटात आहे. उतरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट साचतं. लगेच भरली तर ते विरघळतं, आठ-पंधरा दिवस तशीच राहिली तर त्याचे कठीण स्फटिक होतात आणि तेवढी ताकद कायमची जाते. गाडीच्या बॅटरीच्या पट्ट्या पातळ असतात, क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी घडवलेल्या. तळापर्यंत रिकामं होणं त्यांना झेपत नाही. चोर न शोधता दर वेळी धक्का मारून गाडी सुरू करत राहिलं, तर नवी बॅटरीही वर्षभरात खरोखर खराब होते. विदर्भातल्या मे महिन्यात हे आणखी वेगाने होतं, कारण उष्णतेने बॅटरीचं आपोआप उतरणंही वाढतं. विजेवरच्या गाडीवाल्यांनाही यातून सुटका नाही. तिच्यातही दिवे, कुलपं आणि संगणक चालवायला 12 व्होल्टची लहान बॅटरी असते, आणि ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

आणि चोर मिळालाच नाही, आकडा 30 मिलीअँपिअर आला, तर दोष वापराचा आहे. सेल्फ मारायला बॅटरीचा फार थोडा भाग खर्च होतो, तो काही मिनिटांत भरून निघतो. पंधरा दिवसांची तूट मात्र पार्किंगमध्ये पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून भरत नाही. तासभर रस्त्यावर चालवावी, किंवा भरत आल्यावर आपोआप हात आवरता घेणारा चार्जर आणावा, किंवा महिनाभर बाहेर जाताना निगेटिव्ह सोडून जावं.

इलेक्ट्रिशियनकडे गाडी न्यायची वेळ आलीच, तर ‘बॅटरी उतरते’ एवढंच सांगू नका. रात्रभर उभी राहिल्यावर किती व्होल्ट, इंजिन चालू असताना किती, तासाभराने किती मिलीअँपिअर, कुठल्या फ्यूजवर मिलीव्होल्ट दिसले आणि दुखणं सुरू होण्याआधी गाडीत नवीन काय बसवलं होतं, हे कागदावर लिहून द्या. चांगला कारागीर त्या कागदावरून सरळ त्या फ्यूजपाशी जातो आणि तुमच्या मजुरीचे निम्मे पैसे वाचतात.